विधानसभेची मुदत: मोजायची कुठून, संपते कशी

[दृश्य: मुंबई, विधान भवन. अधिवेशन नसलेला दिवस. बंद फाटक, आत पहाऱ्याचे दोन पोलिस.]

महाराष्ट्रात २०१४ साली विधानसभेचं मतदान झालं १५ ऑक्टोबरला. २०१९ साली २१ ऑक्टोबरला. आणि २०२४ साली थेट २० नोव्हेंबरला, दिवाळी उरकल्यावर. हरियाणासोबत महाराष्ट्राची निवडणूक जाहीर झाली नाही, तेव्हा बरीच ओरड झाली. पाऊस आणि सणवार ही कारणं निवडणूक आयोगानं दिली. पण मुळात आयोगाला एवढी सवड कुठून मिळाली? त्याचं उत्तर पाच वर्षं मागे, २०१९ च्या सत्तानाट्यात आहे.

विधानसभेची मुदत पाच वर्षं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो मोजायची कुठून यात. निकालाच्या दिवसापासून नाही. मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीपासूनही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७२ नुसार सभागृहाच्या पहिल्या बैठकीसाठी जी तारीख नेमलेली असते, तिथून.

२०१४ ची विधानसभा पहिल्यांदा बसली १० नोव्हेंबरला, म्हणून तिची मुदत ९ नोव्हेंबर २०१९ ला संपली. २०१९ चा निकाल २४ ऑक्टोबरला लागला होता. पण सरकार काही बनेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, २३ च्या पहाटे उठली आणि आमदारांनी शपथ घेतली २७ नोव्हेंबरला, निकालानंतर तब्बल ३४ दिवसांनी. चौदाव्या विधानसभेचं घड्याळ त्या दिवशी सुरू झालं. म्हणून तिचा शेवटचा दिवस २६ नोव्हेंबर २०२४.

एकदा पुढे सरकलेली ही तारीख आपोआप मागे येत नाही. जुनं सभागृह जिवंत असताना नवं बसू शकत नाही, त्यामुळे मुदतीआधी विसर्जन केलं तरच ती मागे येते. पंधरावी विधानसभा पहिल्यांदा बसली ७ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे आता मुदत ६ डिसेंबर २०२९ पर्यंत.

[दृश्य: राज्यघटनेची मराठी प्रत. अनुच्छेद १७२ वर बोट.]

पाच वर्षांच्या वर मुदत वाढवता येते, पण फक्त आणीबाणीची उद्घोषणा लागू असताना. संसदेनं तसा कायदा करायचा, तोही एका वेळी एका वर्षापुरता. १९७२ ला निवडून आलेली आपली विधानसभा सहा वर्षं टिकली, त्याचं कारण मात्र वेगळं होतं. ४२ व्या घटनादुरुस्तीनं मुदतच सहा वर्षांची केली होती. म्हणून पुढची निवडणूक फेब्रुवारी १९७८ मध्ये झाली. ४४ व्या दुरुस्तीनं पुन्हा पाच वर्षं आणली.

आता कागदावरची तारीख बाजूला ठेवू. सभागृह प्रत्यक्षात कधी थांबतं?

चौदाव्या विधानसभेचं शेवटचं अधिवेशन म्हणजे २०२४ चं पावसाळी अधिवेशन, २७ जून ते १२ जुलै. लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत फक्त अंतरिम अर्थसंकल्प मांडून लेखानुदान (काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी) घेतलं होतं. त्यामुळे अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जूनला आला. लाडकी बहीण योजनेची घोषणा त्यातलीच. त्याच अधिवेशनात जवळपास ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्याही, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. वर्षाचा अर्थसंकल्प नुकताच मांडलाय आणि पाठोपाठ एवढ्या पुरवणी मागण्या! निवडणूक तोंडावर आली की काय होतं, ते इथे आकड्यांत दिसतं.

१२ जुलैनंतर साडेचार महिने हे सभागृह एकदाही बसलं नाही. मुदत शिल्लक, आमदार पदावर, पण प्रश्नोत्तरं नाहीत, लक्षवेधी नाही. यात नियमभंग काही नाही. अनुच्छेद १७४ म्हणतो, दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त खंड नको. सहा महिने जानेवारीत भरत होते, मुदत नोव्हेंबरातच संपत होती.

हरियाणात हेच गणित अडलं. तिथे शेवटची बैठक झाली होती १३ मार्च २०२४ ला. म्हणजे १२ सप्टेंबरपर्यंत पुन्हा बसणं भाग होतं. मुदत होती ३ नोव्हेंबरपर्यंत, आणि मध्ये निवडणूक जाहीर झालेली. एका दिवसाचं अधिवेशन बोलावण्याऐवजी मंत्रिमंडळानं विसर्जनाची शिफारस केली आणि राज्यपालांनी १२ सप्टेंबरलाच विधानसभा विसर्जित केली. विसर्जित सभागृहाला सहा महिन्यांची अट लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये गुजरातच्या संदर्भात आधीच सांगितलं होतं.

[दृश्य: विधेयकाची छापील प्रत, समासातले ओळ क्रमांक.]

मुदत संपताना सर्वांत मोठा फटका बसतो तो विधेयकांना. अधिवेशन नुसतं संस्थगित झालं, म्हणजे राज्यपालांनी ते संपवलं, तर विधेयक जिवंत राहतं. विधानसभा विसर्जित झाली की हिशेब बदलतो. विधानसभेत पडून असलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप बाद होतं. विधानसभेनं मंजूर केलेलं, पण विधान परिषदेत अडकलेलंही व्यपगत होतं. वाचतं ते परिषदेत मांडलेलं आणि विधानसभेत अजून मंजूर न झालेलं, कारण परिषद कधी विसर्जित होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, सभागृह चालूच राहतं. आणि दोन्ही सभागृहांनी मंजूर करून राज्यपाल किंवा राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलेलं विधेयकही वाचतं. केरळच्या जमीन सुधारणा विधेयकावरून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा निकाली काढला.

ताजं उदाहरण महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. ते विधानसभेत मांडलं गेलं ११ जुलै २०२४ ला, म्हणजे अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी. मंजूर झालं नाही. डिसेंबरात नागपूरला ते पुन्हा मांडावं लागलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. शेवटच्या आठवड्यात घाईनं मांडलेल्या विधेयकाकडे म्हणूनच जरा सावधपणे बघावं. ते त्याच सभागृहात मंजूर होईल, अशी सरकारचीही अपेक्षा असतेच असं नाही.

मुदतीचा आणखी एक परिणाम रिकाम्या जागांवर होतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ क प्रमाणे रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची. पण उरलेला काळ एक वर्षाहून कमी असेल तर ती सक्ती नाही. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचं नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झालं. आयोगानं २६ एप्रिल २०२४ ला पोटनिवडणूक लावली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती रद्द केली. निवडून येणाऱ्याला वर्षभरही मिळणार नव्हतं. जून २०२४ मध्ये लोकसभेवर गेलेल्या आमदारांच्या धारावी, वरोरा, दर्यापूर, सोलापूर शहर मध्य या जागाही तशाच राहिल्या. खर्च वाचतो हे खरं. पण अकोला पश्चिमला वर्षभर आमदार नव्हता, हेही खरं.

[दृश्य: मंत्रालय, सहाव्या मजल्याकडे जाणारी गर्दी.]

आचारसंहितेचा मुदतीशी थेट संबंध नाही. आयोगानं कार्यक्रम जाहीर केला की त्या क्षणी ती लागते. अपवाद मुदतपूर्व विसर्जनाचा. सप्टेंबर २०१८ मध्ये तेलंगणात तसं झाल्यावर आयोगानं स्पष्ट केलं की अशा वेळी विसर्जनापासूनच आचारसंहिता लागू. आपल्याकडे घोषणा झाली १५ ऑक्टोबर २०२४ ला दुपारी. आदल्या दिवशी मंत्रिमंडळानं मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. आणि घोषणेच्याच दिवशी, काही तास आधी, राज्यपालनियुक्त सात आमदारांनी विधान परिषदेची शपथ घेतली. त्या जागा २०२० पासून रिकाम्या होत्या!

इथे ठेकेदार आणि सरपंच हमखास फसतात. कार्यारंभ आदेश हातात असला, तरी जागेवर काम सुरू झालं नसेल तर निकालापर्यंत सुरू करता येत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात नारळ फुटतात. नुसता नारळ फोडून भागत नाही, खोदाई दिसावी लागते.

पुढचं वेळापत्रक कायद्यातच बांधलेलं आहे. अधिसूचना २२ ऑक्टोबरला, अर्जाची शेवटची तारीख सातव्या दिवशी, २९ ला, दुपारी तीनपर्यंत. छाननी ३० ला. माघार त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे १ नोव्हेंबरला हवी होती. पण १ ला लक्ष्मीपूजन, २ ला पाडवा, ३ ला भाऊबीज आणि रविवार. सार्वजनिक सुट्टी आली की तारीख पुढच्या कामकाजाच्या दिवसावर जाते, म्हणून माघार ४ नोव्हेंबरला. बंडखोरांची मनधरणी करायला पक्षांना ऐन दिवाळीत तीन दिवस जादा मिळाले. माघारीनंतर मतदानापर्यंत किमान चौदा दिवस हवेत. १८ च्या आधी मतदान शक्यच नव्हतं.

मावळत्या आमदारासाठी एक बारीक गोष्ट. अर्जासोबतच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात गेल्या दहा वर्षांतल्या सरकारी निवासस्थानाचं भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची थकबाकी नाही, हे लिहून द्यावं लागतं. मंत्र्यांचे बंगले यातच येतात. दाखला आधी मागून ठेवला नाही की शेवटच्या दोन दिवसांत पळापळ होते.

[दृश्य: राजभवन, २०२४. राजपत्राची प्रत.]

निकाल लागला २३ नोव्हेंबरला. २६ पर्यंत सरकार बनलं नाही तर राष्ट्रपती राजवट लागेल, अशी चर्चा रंगली. ती निराधार होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७३ खाली निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात आली की नवं सभागृह रीतसर गठित झालं असं मानतात. २००९ मध्येही जुनी मुदत ३ नोव्हेंबरला संपली होती आणि मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला ७ ला. २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांनी २६ ला राजीनामा दिला आणि देवेंद्र फडणवीस यांच्या ५ डिसेंबरच्या शपथविधीपर्यंत ते काळजीवाहू मुख्यमंत्री राहिले.

सभागृहाबरोबर समित्याही जातात. लोकलेखा असो की आश्वासन समिती, आमदार सदस्यांची नेमणूक पुन्हा नव्यानं. अध्यक्ष मात्र जात नाहीत. अनुच्छेद १७९ प्रमाणे नव्या विधानसभेच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीपर्यंत ते पदावर असतात. राहुल नार्वेकर तसे राहिले. ६ डिसेंबरला राज्यपालांनी कालिदास कोळंबकर यांना हंगामी अध्यक्ष म्हणून शपथ दिली, ७ ला त्यांनी आमदारांना शपथ द्यायला सुरुवात केली आणि ९ ला नार्वेकर पुन्हा अध्यक्ष झाले.