कोड दिसला म्हणजे पार्ट सापडला असं नाही

मंडळी, मायक्रोवेव्हच्या डिस्प्लेवर बिघाडाचा कोड आला की पहिला प्रश्न येतो, 'कुठला पार्ट मागवायचा?' इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. ओव्हन चालवणाऱ्या बोर्डाला, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला, सुटे भाग दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत फक्त सिग्नल पोचतात: बटण दाबलंय का, दार लागलंय का, सेन्सरचा रोध किती आहे. त्यातला एखादा सिग्नल पटला नाही की कोड येतो. बिघाड त्या सिग्नलच्या वाटेवर कुठेही असू शकतो, पार्टमध्ये, वायरमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा खुद्द बोर्डात.

कोडचा अर्थ कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतो. मॉडेल नंबर दाराच्या चौकटीवर किंवा मागच्या पट्टीवर असतो, तो पाहूनच अर्थ शोधा. काही ओव्हनमध्ये कव्हरच्या आत तांत्रिक माहितीचा कागद ठेवलेला असतो. तो सापडला तर अर्धं काम झालं.

सॅमसंगच्या बऱ्याच ओव्हनवर दिसणारा 'एसई' घ्या. हाच कोड कुणी '5ई' म्हणून सांगतं, कारण अशा डिस्प्लेवर 5 आणि इंग्रजी एस सारखेच दिसतात. अर्थ असा, की एखादं बटण सतत दाबलेलं आहे असं बोर्डाला वाटतंय. आधी प्लग काढून दोन-चार मिनिटं थांबा. कोड गेला आणि परत आला नाही, तर विषय मिटला. वाफ धरली की येतो आणि ओव्हन कोरडा राहिला की जातो, असं होत असेल तर की-पॅडच्या पापुद्र्यांत ओल शिरली आहे. असं की-पॅड पुढे कायमचं शॉर्ट होण्याची शक्यता जास्त.

खरी परीक्षा रिबन केबलची, म्हणजे की-पॅड बोर्डाला जोडणाऱ्या चपट्या केबलची. त्यासाठी कव्हर उघडावं लागतं, आणि ते काम हाय व्होल्टेजची माहिती असलेल्यानेच करायचं. प्लग काढला तरी आतला कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, भारित असू शकतो, तोही दोन हजार व्होल्टच्या आसपास. त्याच्या आत बहुधा हा भार हळूहळू उतरवणारा 10 मेगाओहमचा रेझिस्टर असतो. कपॅसिटर साधारण 1 मायक्रोफॅरडचा, म्हणजे एका मिनिटात भार उतरायला हवा. पण तो रेझिस्टर तुटला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून चांगल्या इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही टर्मिनल एकमेकांना आणि मग प्रत्येक टर्मिनल बॉडीला टेकवून घ्यायचं. ज्याला कपॅसिटर ओळखता येत नाही त्याने कव्हरच्या स्क्रूला हात लावू नये, एवढं साधं आहे.

आता बोर्डावरून की-पॅडची रिबन केबल सोडवा, हात आणि हत्यारं बाजूला घ्या, कव्हर लावा आणि प्लग जोडा. कोड नेहमी जेवढ्या वेळात येतो तेवढं थांबा. आला नाही, तर दोष की-पॅडकडे. तरीही आला, तर बोर्डाकडे. प्लग काढून, कपॅसिटरचा भार पुन्हा उतरवून, केबलची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून परत लावून बघा. काळवंडलेल्या टोकांमुळे चांगलं की-पॅड फेकून दिलं जातं.

दाराच्या कोडला लोक बोर्डाला दोष देतात. दारामागे बहुतेक वेळा तीन छोटे स्विच असतात: दोन मुख्य, तिसरा पहारेकरी, म्हणजे मॉनिटर स्विच. वायरी काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड सलग आहे का हे दाखवणाऱ्या सेटिंगवर, लावा. दार बंद असताना मुख्य स्विच जोडलेले, उघडल्यावर तुटलेले. मॉनिटर बरोबर उलटा. एखाद्या मुख्य स्विचचे काँटॅक्ट चिकटले आणि दार उघडलं, तर मॉनिटर मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून दार उघडताक्षणी फ्यूज जात असेल तर नुसता फ्यूज बदलून भागत नाही, मुख्य स्विच आणि मॉनिटर दोन्ही बदला. स्विच बायपास करायचा विचारही नको. कधी स्विच ठणठणीत असतात आणि दाराची झिजलेली लॅच (कडी) किंवा सैल बिजागरी त्यांना पुरेसं दाबत नाही. दार हलकेच वर उचलून दाबल्यावर कोड जात असेल तर तिकडेच बघा.

सेन्सरचं थोडक्यात. तापमानाच्या थर्मिस्टरचा रोध गरम झाल्यावर कमी होतो. वायर तुटली की बोर्डाला अशक्य थंडी दिसते, शॉर्ट झाली की अशक्य उष्णता. सेन्सर सोडवून, मल्टिमीटर लावून, हेअर ड्रायरने तापवा. आकडा सरसर उतरला पाहिजे. अडखळत उड्या मारत असेल तर सेन्सर गेला.

एक गंमत म्हणजे, दिवा लागतो, प्लेट फिरते, पण अन्न गार राहतं, अशा बिघाडाला साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये बहुधा कोडच येत नाही. मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग, काम करतोय की नाही हे तिथल्या बोर्डाला कळतच नाही. कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असं समजू नका.

दुरुस्तीनंतर अशी तपासणी करा: 1 लिटर पाणी मायक्रोवेव्हच्या भांड्यात, पूर्ण पॉवर, बरोबर 60 सेकंद. तापमान जितके अंश सेल्सिअस वाढलं त्याला 70 ने गुणा, अंदाजे वॅट मिळतात. 10 अंश वाढले तर 700 वॅट. आकडा पाटीवर लिहिलेल्या आउटपुटच्या बराच खाली असेल तर आधी घराचं व्होल्टेज मोजा, मग मॅग्नेट्रॉनकडे वळा. आणि थर्मामीटर बुडवायच्या आधी पाणी ढवळा, नाहीतर भांड्यात जागोजागी वेगळं तापमान मिळेल.