विजेच्या सायकलीवरून दिवाडी

श्रोतेहो, नमस्कार.

कोकण रेल्वेनं मडगावला गेलेल्या प्रत्येकानं दिवाडी बेट पाहिलेलं असतं. आपण बेटावरून चाललोय, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. थिवी मागे पडलं की गाडी मांडवीच्या पुलावर येते. मग पाण्यानं भरलेली शेतं, खारफुटी, लांब टेकडीवर एक पांढरं चर्च, पुन्हा पूल, आणि लगेच करमळी. डब्यात तोवर वरच्या बर्थवरून बॅगा उतरवण्याची झुंबड उडालेली असते. दोन पुलांमधला तो तुकडा म्हणजे दिवाडी. आगगाडी तिथून जाते, पण थांबत नाही. मोटारीला तर पूलच नाही. जायचं तर फेरीबोटीनं.

आज मी याच बेटावर तुम्हाला भाड्याच्या विजेच्या सायकलीवरून नेणार आहे. सायकलच का, हा प्रश्न रास्त आहे. गोव्यात उतरलं की स्कूटर भाड्यानं घ्यायची अशी आपल्याकडची रीत. ती स्कूटर दिवाडीवर नेली की अर्ध्या तासात बेट ‘होतं’, आणि मग माणसं म्हणतात, तिथं बघायला काही नाही. पायी जावं तर धक्क्यापासून गावापर्यंत सावली अशी नाहीच. साधी सायकल उत्तम, पण दुपारी समुद्राकडून वारा सुटला की उघड्या शेतातल्या रस्त्यावर तो सायकलस्वाराला मागे रेटतो, आणि पुढे पिएदादच्या टेकडीची चढण आहेच. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांचे गुडघे त्या चढणीवर बोलायला लागतात. विजेची सायकल या सगळ्यांच्या मधली आहे. पायडल तुम्हीच मारायचं, पण चढणीवर वाटतं, लहानपणी सायकल शिकवताना कुणी कॅरियर धरून मागून पळायचं, तसंच आताही कुणीतरी पळतंय.

हे कसं घडतं ते दोन वाक्यांत सांगतो. मागच्या चाकाच्या मध्यभागी छोटी मोटर असते. पायडलच्या आसाजवळ एक सेन्सर असतो. पाय फिरायला लागले हे त्याला कळलं की मोटर सुरू होते, पाय थांबले की बंद होते. हँडलवरच्या बटणानं मदतीची पातळी ठरवायची, आणि ब्रेक दाबला की वीज आपोआप तुटते. आपल्या देशात २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी अशी मान्यताप्राप्त गाडी कायद्यानं मोटार वाहन धरली जात नाही, म्हणून तिला नंबरप्लेट नको, चालवणाऱ्याला लायसन्स नको. भाड्यानं देणारे कधी कधी याच नावाखाली ताकदीची इलेक्ट्रिक स्कूटर पुढे करतात. तिला मात्र नोंदणी, लायसन्स, हेल्मेट सगळं लागतं. विचारून घ्या. आणि हेल्मेट सायकलवरही घाला, कायदा काहीही म्हणो.

पणजी आणि जुने गोवे भागात अशा सायकली मिळतात. काही जण वाटाड्यासह सकाळची फेरीही काढतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं ती घ्यायला हरकत नाही. स्वतःच घेणार असाल तर आधी बॅटरीकडे बघा. पडद्यावरचे दांडे फसवे असतात. उभ्या सायकलचे पाचही दांडे भरलेले दिसतात आणि चढणीवर दोन गायब होतात. म्हणून दुकानासमोरच मदत पूर्ण वाढवून एक चक्कर मारा, आणि त्या वेळी दांडे किती उरतात ते पाहा. हिशेब साधा आहे. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची असेल तर तिच्यात ३६० वॉट-तास वीज मावते. पायडल मारत, थोडी मदत घेत गेलात तर किलोमीटरला आठ-दहा वॉट-तास लागतात, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर निघतात. काही सायकलींना स्कूटरसारखी पिळायची मूठही असते; पायडल न मारता नुसती ती मूठ पिळत बसलात तर त्याच्या जवळपास निम्मे. दिवाडी आडवं-उभं हिंडून परत यायला दोन्ही हिशेब पुरतात. मात्र ही आकडेवारी नव्या बॅटरीची आहे. भाड्याच्या सायकलची बॅटरी किती पावसाळे पाहिलेली आहे हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.

आता बोट. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की धक्का आहे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: बोटीवर चढण्याआधी सायकलची वीज पूर्ण बंद करा. सायकल हातात धरून चालताना मूठ चुकून पिळली गेली, तर वीस-पंचवीस किलोचं ते धूड एकदम पुढे उडी घेतं, आणि पुढे बहुधा मासळीची टोपली घेतलेली बाई उभी असते. लोखंडी उतारावर शेवाळ असतं, तिथे तर सायकल ढकलतच न्यावी.

पलीकडे उतरल्यावर रस्ता सरळ शेतातून जातो. दोन्ही बाजूंना पाणी. इथे घाई करू नका. मला विचाराल तर दिवाडी म्हणजे हीच जमीन, चर्च आणि देऊळ नंतर. हिला खाजन म्हणतात. भरतीच्या वेळी मांडवीचं पाणी खारं होतं आणि ही शेतं त्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणजे नियमानं इथे खारफुटीच असायला हवी. पण इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी चिखल, जांभा आणि पेंढा घालून बांध रचले, आणि बांधात जागोजागी मानस बसवली. मानस म्हणजे पाण्याची झडप. लाकडी फळ्या अशा टांगलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की त्या मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी दाबलं की उघडतात. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि एवढं काम होतं नुसत्या चंद्राच्या हिशेबानं. ओहोटीला मानसीच्या तोंडाशी जाळं लावतात; आतल्या पाण्याबरोबर बाहेर निघालेली कोळंबी आणि मासे त्यात सापडतात. पावसात शेतातला खार धुऊन निघाला की इथे कोरगूट भात लावतात. हे भात खाऱ्या जमिनीत तग धरतं. बांधांची देखभाल पूर्वी गावकऱ्या करायच्या, म्हणजे गावानं सामाईक चालवलेली संस्था. पोर्तुगीजांनी त्यांना कोमुनिदाद म्हटलं, आणि कागदोपत्री त्या आजही आहेत. पण बांध एकदा फुटला आणि वेळेत बुजवला नाही, तर दोन-तीन हंगामांत शेतात खारफुटी उगवते. रस्त्यानं जाताना अशी शेतं तुम्हाला ओळखू येतील.

विजेच्या सायकलचा खरा फायदा इथेच कळतो. आवाज नाही. खंड्या तारेवरून उडत नाही, बगळे मान वर करून परत चिखलात चोच घालतात, आणि मानसीतून पडणारं पाणी तुम्हाला पन्नास पावलांवरून ऐकू येतं. स्कूटरवर यातलं काहीही नाही. अर्थात, याच शांततेचा तोटाही आहे. पाठमोऱ्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही आलात हे कळत नाही, रस्त्यात झोपलेल्या कुत्र्यालाही नाही. घंटी वाजवा, आणि लवकर वाजवा. आणि बांधावर सायकल घालू नका. फोटो छान येतो, मान्य. पण तो बांध रस्ता नाही, कुणाच्या तरी वर्षाच्या भाताची ती भिंत आहे. पावसाळ्यात तर चाकानं पडलेल्या चरीतूनच पाणी वाट काढतं.

पिएदादची चढण लागली की मदत वाढवायची, पण गियर आधीच हलका करून ठेवायचा. चढणीवर मधेच थांबलात आणि गियर जड असेल, तर पायडल फिरत नाही, आणि पायडल फिरत नाही म्हणून मोटरही मदतीला येत नाही. वर टेकडीवर ‘अवर लेडी ऑफ पिएदाद’चं चर्च आहे. समोरचं दृश्य बघून माणूस गप्प होतो: खाली मांडवी, पलीकडे झाडांतून वर आलेले जुन्या गोव्याच्या चर्चांचे मनोरे. ती चर्चं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे बसगाड्यांची रांग असते. इथे तुम्ही आणि एखादी शेळी.

चर्चशेजारच्या दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे. बहुतेक लोक ते न बघताच उतरतात. त्याच्या छतात कदंबकाळातल्या देवळाचे अवशेष दिसतात. या टेकडीवर गणपतीचं देऊळ होतं. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा मूर्ती नदीपार गेली, आणि मुक्काम बदलत शेवटी खांडोळ्याला स्थिरावली. खांडोळ्याच्या महागणपतीला आपल्याकडची अनेक घरं कुळाचाराला जातात. त्यांनी या टेकडीवर एकदा यायला हवं.

तशीच कथा सप्तकोटेश्वराची, आणि त्यासाठी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नार्वे गावाकडे सायकल वळवायची. रस्ता गावातून जातो, पोर्तुगीज धाटणीची घरं, त्यांचे बाल्कांव म्हणजे दाराबाहेरचे बसायचे ओटे, काही घरं ताजी रंगवलेली, काहींच्या छपरातून पिंपळ वर आलेला. मालक लिस्बनला किंवा लंडनला. नार्व्याला कोटितीर्थाची जुनी तळी आहे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथलं. गोव्याचे कदंब राजे स्वतःला ‘सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ म्हणवून घेत, एवढं त्या देवाचं महत्त्व. चौदाव्या शतकात बहमनींच्या काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते पुन्हा उभं केलं, आणि पुढे पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग विहिरीवर पाणी ओढायला वापरलं जात होतं, तिथून भक्तांनी रातोरात नदीपार नेलं, असं सांगतात. पलीकडे डिचोली महालात जिथे ते स्थापलं, त्या गावाचं नावही नार्वेच. १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार सुरू केला, आणि त्यांच्या आज्ञेचा शिलालेख दारावर आजही आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत देवळाची नव्यानं डागडुजी होऊन ते पुन्हा खुलं झालं.

गंमत अशी की देवानं केलेला हा नदीपार प्रवास तुम्हाला तुमच्या सायकलीवर करता येतो. बेटावरच्या नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट आहे, ती पलीकडच्या नार्व्याला पोचवते. तिथून देऊळ जवळ आहे. देवळासमोर दीपमाळ, आत थंडगार फरशी. मी तरी एवढ्याशा प्रवासात इतका इतिहास कुठे पाहिलेला नाही. तळी बघायची, बोटीत बसायचं आणि लिंगासमोर जाऊन उभं राहायचं. पुस्तकातली चार पानं तासाभरात पायाखालून जातात.

खाण्यापिण्याचं सांगून ठेवतो, कारण तिथेच लोकांची पंचाईत होते. दुपारी एक ते चार गोव्यातलं गाव झोपतं, आणि दिवाडी गोव्यातल्या इतर गावांपेक्षा जास्त गाढ झोपतं. पाणी बरोबर घ्या. सकाळी लवकर पोचलात तर पोदेर, म्हणजे पाववाला, भेटेल, सायकलच्या मागे टोपलं, त्यावर निळं प्लॅस्टिक, आणि रबरी भोंग्याचा पों-पों आवाज. त्याच्याकडून गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, घ्या. बेटावरचा सगळ्यात मुरलेला सायकलस्वार तोच, आणि त्याला मोटर लागत नाही, हेही बघून घ्या.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सातच्या आत पहिल्या बोटींपैकी एखादी पकडून. पावसाळ्यात खाजनं हिरवीगार असतात, पण खड्ड्यात साचलेल्या पाण्यातून सायकल घालू नका. मोटर चाकाच्या आसातच असते, तिला शिंतोडे चालतात, बुडणं चालत नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरां नावाचा उत्सव असतो. वाड्यावाड्यांमधल्या हद्दीच्या भांडणांवर पोर्तुगीजांनी झेंडे रोवले, आणि लोकांनी ते पाडले. त्या भांडणांचीच आता मिरवणूक निघते. पोरं बांबूच्या फोटाश नावाच्या नळीतून फळांच्या गोळ्या मारतात. बघायला जरूर जा. त्या दिवशी सायकल मात्र घरी ठेवा. बोटींवर उभं राहायला जागा नसते.

परतीला, बॅटरीत दोन दांडे उरले असतील आणि सायकल पणजीत परत करायची असेल, तर जुन्या गोव्याऐवजी रायबंदरची बोट घ्या. रायबंदरहून पणजीपर्यंत तीन किलोमीटरचा जो सपाट रस्ता आहे, तो पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट लिन्यारिशनं १६३०च्या दशकात अशाच खाजनांवर कमानी टाकून बांधला. वाहनं त्यावर वेगानं जातात, म्हणून डावी कड धरा, दिवा लावा, आणि अंधार पडण्याआधी पणजीतलं पाटो गाठा. सायकल परत करताना बॅटरीचा कुलूप-किल्लीचा जोड आणि चार्जर दुकानदाराच्या हातात मोजून द्या, अनामत रक्कम तिथल्या तिथे परत घ्या.

नमस्कार.