कॉर्डोबाचा काझी आणि पॅरिसमधला राडा

मध्ययुगातलं तत्त्वज्ञान म्हटलं की डोळ्यासमोर चर्च आणि मठ येतात, पण पॅरिसमधल्या सगळ्यात मोठ्या भांडणाची सुरुवात स्पेनमध्ये झाली, तेव्हा मुस्लिम राजवटीत असलेल्या कॉर्डोबात. तिथे ११२६ साली इब्न रुश्द जन्मला. घराणं काझींचं, आजोबा नावाजलेले काझी, हाही पुढे काझी झाला, शिवाय खलिफाचा वैद्य.

इब्न तुफैल नावाच्या विद्वानाने त्याला खलिफा अबू याकूब युसूफसमोर नेलं. खलिफाने थेट विचारलं, आकाश अनादि आहे की निर्माण केलेलं, तत्त्वज्ञ काय म्हणतात? आता अनादि म्हणावं तर धर्माच्या विरोधात, त्यामुळे हा घाबरला आणि मी त्यातला नाहीच असं सांगून मोकळा झाला. मग खलिफा स्वतःच प्लेटो-ॲरिस्टॉटलवर इतकं बारकाईने बोलायला लागला की याचा जीव भांड्यात पडला. पुढे खलिफाची तक्रार आली, ॲरिस्टॉटल डोक्यावरून जातो, कुणीतरी नीट उलगडून सांगा. इब्न तुफैल म्हणाला माझं वय झालं, तू कर.

आणि याने केलं की! छोटी, मधली, मोठी अशी तीन प्रकारची भाष्यं. त्याआधी अल-गझाली या इस्लामी धर्मपंडिताने तत्त्वज्ञांना झोडपणारा ग्रंथ लिहिला होता, त्यालाही याने मुद्द्यागणिक उत्तर दिलं. ॲरिस्टॉटलचा 'राज्यशास्त्र' हा ग्रंथ हाताशी नव्हता म्हणून प्लेटोच्या 'रिपब्लिक'वर लिहिलं, आणि त्यात चक्क म्हणतो की आमच्याकडे बायकांना फक्त मुलं जन्माला घालण्यात अडकवून ठेवलंय, शहरं गरीब राहण्याचं हे एक कारण. बाराव्या शतकात, एक काझी!

११९५ मध्ये वारं फिरलं. पुढच्या खलिफाने त्याला हद्दपार करून लुसेना गावी धाडलं, तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली. नंतर माफी मिळाली, पण ११९८ मध्ये मराकेशला तो वारलाच.

त्याची बरीच भाष्यं आज वाचता येतात ती हिब्रू आणि लॅटिन भाषांतरांमुळे, काहींची मूळ अरबी प्रत हरवलीय. १२२० नंतर मायकल स्कॉट वगैरे मंडळींनी ती लॅटिनमध्ये आणली आणि पॅरिसच्या विद्यापीठात त्याचं नावच 'भाष्यकार' पडलं, नुसतं भाष्यकार म्हटलं तरी कळायचं कोण ते. पण सगळ्या माणसांत मिळून एकच सामायिक बुद्धी आहे, प्रत्येकाची वेगळी नाही, या त्याच्या मताने मोठी पंचाईत केली, कारण मग मेल्यावर पाप-पुण्याचा हिशोब कुणाचा करणार? पॅरिसमधला प्राध्यापक ब्राबांतचा सिगर हे मत शिकवायचा, तर ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस ॲक्वायनसने १२७० मध्ये त्याविरुद्ध पुस्तकच लिहिलं. आणि ७ मार्च १२७७ ला पॅरिसचा बिशप टेम्पिएने २१९ विधानांवर बंदी घातली. गंमत म्हणजे त्यातली काही तीन वर्षांपूर्वी वारलेल्या ॲक्वायनसलाही लागू पडत होती, म्हणजे ज्याने विरोध केला तोही लपेट्यात.

पुढे इटालियन कवी दांतेने आपल्या महाकाव्यात इब्न रुश्दला ॲरिस्टॉटलच्या मंडळींसोबत नरकाच्या पहिल्या वर्तुळात बसवलं, जिथे शिक्षा अशी नाही. आणि सिगर? तो डायरेक्ट स्वर्गात, आणि तिथे त्याची ओळख करून देतो कोण, तर खुद्द ॲक्वायनस. दांतेने असं का केलं यावर अभ्यासक अजून भांडतायत.