एचआयव्हीची धास्ती, काविळीचा विसर

नमस्कार मंडळी. मागं उभं राहिलेल्यांनी खुशाल पुढं यावं, हा विषय ऐकून कुणाला लागण होत नाही.

पुणे-बंगळूर हायवे निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा आपल्या दारावरून जातो. एचआयव्हीचं नाव निघालं की आपलं बोट ठरलेलं असतं: ट्रकवाले, धंदा करणाऱ्या बायका, सौंदत्तीच्या जोगतिणी. सरकार ज्यांना अतिजोखमीचे गट म्हणतं, त्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलैंगिक पुरुष, तृतीयपंथी आणि सुईनं नशा करणारे येतात. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यामार्फत लागण घरापर्यंत पोचते, म्हणून त्यांच्याकडंही लक्ष असतं. निरोध आणि तपासणी कुठं न्यायची हे त्यावरून ठरतं, ते योग्यच आहे. पण नवऱ्यावर विश्वास ठेवून संसार करणारी बाई यांतल्या कुठल्याच गटात नाही. तिला कळतं ते गरोदरपणातल्या रक्ततपासणीत.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. एचआयव्हीला आपण घाबरतो. हिपॅटायटिस बी आणि सी, म्हणजे विषाणूमुळं यकृताला होणाऱ्या काविळी, आपल्या गावीही नसतात. बी तर एचआयव्हीच्याच वाटांनी येतो: रक्त, शरीरसंबंध, आईकडून बाळाला. आणि कितीतरी जोरानं येतो. बाधित रक्ताची सुई टोचली, तर लस न घेतलेल्या 100 जणांत 30 पर्यंत लोकांना बी होऊ शकतो. सी साधारण 2-3 जणांना. एचआयव्ही मात्र 1000 त 3. शिवाय बी शरीराबाहेर 7 दिवस टिकतो. सी मुख्यतः रक्तातूनच पसरतो, म्हणून सुईनं नशा करणाऱ्यांत तो सर्वांत जास्त. तिथं नुसती सुई वेगळी असून भागत नाही. चमचा, कापूस, पाणी एकच असलं तरी पुरतं.

आता जत्रेतला गोंदणवाला बघा. एका पोराच्या दंडावर नाव काढून झालं, की सुई फडक्याला पुसतो, शाईच्या त्याच झाकणात बुडवतो आणि पुढचा हात ओढतो. त्या फडक्याकडं एकदा नीट बघा. रांगेतली पोरं कुठल्या गटातली? आणि 'डॉक्टर, एक सुई मारा की' म्हणणारे आपण? नवी सिरिंज आपल्यासमोर फोडली का, हे किती जण बघतात?

बी-सी वर्षानुवर्षं गप्प राहतात. डोळे पिवळे होतीलच असं नाही. कधीकधी थेट यकृत खराब झाल्यावरच कळतं. पाण्यातून येणारी ए आणि ई कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय जातं गळ्यातल्या माळेला. बी-सीला ती माळ काय करणार?

सी आता साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध मोफत आहे. एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. बी समूळ जाणं अवघड, पण त्याला लस आहे. बाळाला पहिला डोस 24 तासांच्या आत हवा, कारण जन्मावेळी लागण झालेल्या 10 पैकी 9 बाळांत तो कायमचा राहतो. मोठ्यांना तीन डोस: आज, महिन्यानं, सहाव्या महिन्यात. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशींना ते दिलेत का, एवढं उद्या विचारा. आणि कुणाला सुई टोचलीच, तर जखम पिळू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही रोखणारं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं.