मतदारसंघ क्रमांक एक

[दृश्य: नवापूर रेल्वे स्थानक. फलाटावरचं एक बाकडं.]

या बाकड्याच्या मधोमध एक रेघ मारलेली आहे. रेघेच्या एका अंगाला लिहिलंय महाराष्ट्र, दुसऱ्या अंगाला गुजरात. १९६० साली राज्यं वेगळी झाली आणि सीमा थेट या स्थानकातून गेली. गाडीची घोषणा इथे आजही चार भाषांत होते: मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी.

ही नंदुरबार लोकसभा मतदारसंघाची पश्चिमेची कड.

निवडणूक आयोगाच्या यादीत महाराष्ट्रातला पहिला मतदारसंघ हाच. विधानसभेचा क्रमांक एक, अक्कलकुवा, तोही इथलाच. यात मान वगैरे काही नाही, आकडे घालायला सुरुवात राज्याच्या वायव्य कोपऱ्यातून झाली, एवढंच. राज्याच्या २०१२च्या मानव विकास अहवालात मात्र नंदुरबार जिल्हा यादीच्या तळाशी होता.

[दृश्य: नकाशा. सहा विधानसभा मतदारसंघ एकेक करून रंगत जातात.]

अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर हे चार नंदुरबार जिल्ह्यातले. साक्री आणि शिरपूर धुळे जिल्ह्यातले. सहाच्या सहा अनुसूचित जमातींसाठी राखीव.

नकाशा नीट पाहिला, तर आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो. तोंड पूर्वेला उघडं. त्या उघड्या तोंडात शिंदखेडा बसलाय, आणि तो मात्र धुळे लोकसभेत. ही आखणी २००८ सालच्या पुनर्रचनेची. तळोदा हा जुना विधानसभा मतदारसंघ तेव्हाच पुसला गेला आणि तळोदा तालुका शहाद्याला जोडला गेला. शिरपूरच्या माणसाला कलेक्टर कचेरीच्या कामासाठी धुळ्याला जावं लागतं, खासदार मात्र तो नंदुरबारचा निवडतो.

[दृश्य: नर्मदेचं पाणी. बोटीच्या इंजिनाचा आवाज.]

उत्तरेला सातपुडा उतरला की नर्मदा. पलीकडचा काठ मध्य प्रदेशचा, आणखी पश्चिमेला गुजरातचा. सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं आणि महाराष्ट्रातली ३३ गावं त्याच्या कचाट्यात आली. मणिबेली त्यातलंच. निवडणूक आली की इथल्या काही केंद्रांवर मतदान यंत्रं आणि कर्मचारी बोटीनं पोहोचवावे लागतात. यंत्र मांडीशी धरून बसलेला शिक्षक, बाजूला पोलीस, खाली बुडालेलं शिवार.

आता इतिहासाकडे येऊ. 'काँग्रेसचा बालेकिल्ला' हा शब्द या मतदारसंघाला इतक्यांदा चिकटवला गेलाय, की तो थोडा तपासायलाच हवा.

१९७७. देशभर जनता पक्षाची लाट, खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. नंदुरबारनं मात्र काँग्रेसचे सुरूपसिंग नाईक दिल्लीला पाठवले. पुढे ते राज्याच्या राजकारणात परतले आणि १९८१ साली पोटनिवडणूक झाली. त्यात माणिकराव गावित निवडून आले. ते आले ते आलेच. १९८१ ते २००९, सलग नऊ वेळा. मंडल आलं, मंदिर आलं, वाजपेयींचं सरकार आलं आणि गेलं, नंदुरबारचा खासदार तोच राहिला. २००९ साली नव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून इतर खासदारांना शपथ द्यायचं काम याच ज्येष्ठतेमुळे त्यांच्याकडे आलं.

गांधी घराण्याच्या प्रचाराचा नारळ नंदुरबारला फुटतो, असं इथे अभिमानानं सांगितलं जायचं. देशातलं पहिलं आधार कार्डही २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. समोर मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी होते.

मग २०१४. राष्ट्रवादीचे नेते डॉक्टर विजयकुमार गावित यांची कन्या, डॉक्टर हीना गावित, भाजपकडून लोकसभेला उभी राहिली; त्याच वर्षी विजयकुमारही राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले. माणिकराव लाखभर मतांनी हरले. इथे एक खुलासा करायला हवा: गावित, पाडवी, वळवी, नाईक ही या मुलखातली सरसकट आढळणारी आडनावं. आडनाव एक म्हणून घर एक समजू नये. दोन्ही गावित वेगळे.

पण बालेकिल्ला नेमका कुणाचा होता, पक्षाचा की घराण्यांचा, हे तेव्हापासून उघड दिसायला लागलं. २०१९ला हीना गावित पुन्हा जिंकल्या, समोर काँग्रेसचे के. सी. पाडवी. २०२४ला त्याच पाडवींचे चिरंजीव, वकील गोवाल पाडवी उभे राहिले आणि त्यांनी हीना गावितांना दीड लाखाहून जास्त मतांनी हरवलं. दहा वर्षांनी काँग्रेस परत आली, म्हणजे पाडवींचं घर दिल्लीत पोहोचलं.

[दृश्य: अक्कलकुव्याचा बाजार. फाटलेली प्रचाराची पोस्टरं.]

सहा महिने गेले. नोव्हेंबरात विधानसभा लागली. हीना गावित भाजपमधून बाहेर पडल्या आणि अक्कलकुव्यात अपक्ष लढल्या. समोर पुन्हा के. सी. पाडवी. गावित पडल्या, आणि ज्यांचा मुलगा नुकताच खासदार झाला होता ते पाडवीही पडले. निवडून आले शिवसेनेचे आमश्या पाडवी. सहापैकी काँग्रेसकडे राहिलं ते एकटं नवापूर, तेही हजारभर मतांच्या फरकानं. तिथले आमदार शिरीषकुमार नाईक, सत्याहत्तरच्या त्या सुरूपसिंग नाईकांचे चिरंजीव.