मुकादमाच्या तोंडून कळणारा कायदा

मंडळी, आपल्या गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा कुटबणच्या मासेमारी जेटीवर राबणाऱ्या ओडिशा-झारखंडच्या माणसाला कायदा कोण सांगतो? बहुतेक वेळा मुकादम. मालकाची भाषा त्याला येते, गड्यांचीही येते. पगार किती, कपात कशाची, सगळं त्याच्याच तोंडून कळतं. आणि गाऱ्हाणं त्याच्याविरुद्ध असलं तरी साहेबापर्यंत तोच पोचवणार! ही मक्तेदारी मोडायला हवी, एवढंच आज मला सांगायचं आहे.

कायद्याने भाषेचा विचार केलाच नाही, असं नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार ठेकेदाराने प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं होतं. कामाची मुदत, मजुरीचा दर, कपात हे सगळं त्यात हिंदी-इंग्रजीत लिहायचं, आणि कामगाराची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतही. पुढे २०१७ साली १९२३ च्या भरपाई कायद्यात दुरुस्ती झाली. अपघाताच्या भरपाईचा हक्क मालकाने कामावर घेतानाच लेखी कळवायचा, पण तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत. आपल्याकडे राजभाषा कोकणी. मग संथाळी बोलणाऱ्याने काय करायचं? जुना कायदा या बाबतीत अधिक शहाणा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

याने काय बिघडतं ते बघा. साच्यात बोटं गेलेला मुलगा इस्पितळातून खोलीवर येतो. दोन दिवसांनी मुकादम थोडे पैसे आणि एक टाईप केलेला कागद घेऊन येतो. ‘रक्कम मिळाली, माझी काही तक्रार नाही.’ डाव्या हाताचा अंगठा उमटतो, कारण उजव्याला पट्टी आहे. विषय मिटला असं तो धरून चालतो. खरं तर भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार त्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवला होता. कारखाना ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असेल तर वाट वेगळी, पण हक्क तिथेही बुडत नाही. त्याच्या भाषेत हे सांगणारं एक माणूस त्या खोलीत असतं, तर गोष्ट तिथे थांबली नसती.

मग आपण काय करायचं? पत्रकं छापा, जरूर छापा, पण ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी आवाज हवा. त्याच भाषेतल्या बाईकडून दोन मिनिटांचा निरोप बोलून घ्या आणि फोनवर फिरवा. तो आधी तीच भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा आणि ‘तुला काय समजलं?’ असं विचारा. शाळेत जाणाऱ्या मुलीला आईच्या तक्रारीसाठी दुभाषी म्हणून पोलीस ठाण्यात बसवू नका. आईला मारहाण झाली असेल तर ती लेकीसमोर ते बोलणारच नाही, आणि बोललीच तर लेकीला ते आपल्या तोंडाने पुन्हा सांगावं लागेल.

आणखी एक. माहिती द्या, खटल्याचा सल्ला देऊ नका. तिथून पुढचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं. स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना १९८७ च्या कायद्याने तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्जातच दुभाषी मागा. आणि फोनवरच्या त्या निरोपात १५१०० हा हेल्पलाइनचा क्रमांक दोनदा सांगा, एकेक आकडा सुटा करून.