वहीतला प्लॉट

ही वही बघा. लाल पुठ्ठ्याची, डिचोलीच्या बाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल अशी. कोपऱ्यात पिवळा डाग दिसतो ना, तो मामीच्या हळदीच्या बोटाचा. आत तीन रकाने, तारीख, रक्कम, सही. पहिली ओळ एप्रिल 2009 ची. या वहीत माझ्या मामांचा तीनशे चौरस मीटरचा प्लॉट होता, म्हणजे मामांना तसं वाटायचं.

मामांचा मायनिंगचा ट्रक. पावसाळ्यात धंदा बंद, बाकीचे महिने बरे, कागदावर मात्र इन्कम दाखवायला काहीच नाही, आणि जागेची सनद, म्हणजे घर बांधायला जमिनीचा वापर बदलल्याची परवानगी, झालेली नव्हती, त्यामुळे बँकेत गेले तर मॅनेजरने फाईल उघडूनसुद्धा बघितली नाही. भाटकार, म्हणजे जागेचे जमीनदार, ओळखीतले. ते म्हणाले अरे बँक कशाला पाहिजे, मलाच दे सावकाश. सहा लाख ठरले, एक लाख वीस हजार इसार, बाकीचे महिन्याला पाच हजार, शहाण्णव हप्ते, आठ वर्षं. पन्नास रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर साटेखत (पुढे विकून देईन असा करार), नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार, चहा. ताबा लगेच. मामांनी त्याच आठवड्यात कुंपण घातलं आणि चार माड लावले.

विकणाराच बँक होतो, असा हा व्यवहार. गोव्यात गावागावात चालतो, कुणी बोलत नाही एवढंच. अमेरिकेत याला लँड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. घेणारा राहायला येतो, हप्ते भरतो, टॅक्स भरतो, छप्पर गळलं तर तोच दुरुस्त करतो, पण नाव मात्र शेवटचा हप्ता जाईपर्यंत विकणाऱ्याचंच. आणि मध्ये हप्ता चुकला तर कराराप्रमाणे घरही गेलं आणि भरलेले पैसेही गेले. शिकागोत 1950-60 च्या काळात काळ्या लोकांना बँका कर्जच देत नव्हत्या, त्यांच्या वस्त्या नकाशावर लाल करून ठेवलेल्या, मग दलालांनी स्वस्तात घेतलेली घरं त्यांना दामदुपटीने अशा कॉन्ट्रॅक्टवर विकली. 1968 मध्ये लॉनडेल भागातल्या लोकांनी एकत्र येऊन कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग काढली आणि हप्तेच थांबवले. पुढे 1973 मध्ये इंडियाना राज्याच्या सुप्रीम कोर्टासमोर एक केस आली, 36 हजार डॉलरचा सौदा, त्यातले 21 हजार भरून झालेले, आणि विकणारा म्हणतो सगळं माझं. कोर्ट म्हणालं असं चालणार नाही, एवढे पैसे भरल्यावर हे गहाणासारखंच धरायचं, जागा विकून उरलेलं वसूल करा.

आपल्याकडे वेगळं. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 54, सरळ सांगतो की विक्रीच्या कराराने जमिनीत काहीच हक्क तयार होत नाही. म्हणजे साटेखत हा फक्त शब्द, जमीन नाही. ताबा घेऊन बसलेल्याला कलम 53अ ची एक ढाल आहे, मूळ मालक त्याला उठवू शकत नाही, पण 2001 पासून ही ढाल हवी तर साटेखत सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे मामांना नऊ-दहा वर्षांनी कळलं. पॉवर ऑफ ॲटर्नी घेऊन 'माझंच झालं' म्हणणारेही खूप, त्यांना सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच सांगून टाकलंय की तसं होत नाही.

आता विकणाऱ्याची बाजू पण बघू, कारण तो काही प्रत्येक वेळी लबाड नसतो. त्याने आधीच खरेदीखत करून दिलं आणि पैसे बाकी राहिले तरी मालकी गेलीच, कारण कायद्यात किंमत 'देण्याचं वचन' दिलं तरी विक्री पूर्ण होते. त्याच्या हातात उरतो तो बाकी रकमेपुरता जमिनीवरचा बोजा, तो वसूल करायला कोर्ट. म्हणून तो खरेदीखत अडवून ठेवतो. मला विचाराल तर दोघांचंही सांभाळायचं असेल तर खरेदीखत करा आणि त्याच दिवशी बाकी पैशांसाठी त्याच्याच नावे गहाणखत नोंदवा. स्टॅम्प ड्युटी आधीच भरावी लागते म्हणून लोक टाळतात. मामांनीही तेच केलं, तेव्हा वाचवलेले पैसे नंतर वकिलाकडे गेले.

वहीकडे परत येऊ. हे पान. ऑक्टोबर 2012, कोरं. मायनिंग बंद झालं ना तेव्हा, ट्रक अंगणात उभा, टायरखाली गवत. नोव्हेंबर कोरं, डिसेंबर कोरं, असे चौदा महिने. भाटकार एकदाही दारात आले नाहीत हे सांगायलाच पाहिजे, चवथीला उलट केळी पाठवली. मग मामा दुसऱ्याच्या पिकअपवर बदली ड्रायव्हर म्हणून जायला लागले आणि पाच हजार परत सुरू झाले.

2016 मध्ये भाटकार गेले. इथून सह्यांचा रकाना बदलतो, बघा, भाटकारीणबाईंची सही, थोडी थरथरती. मे 2018, शहाण्णवावा हप्ता. मामा पेढे घेऊन गेले.

बाई म्हणाल्या माझी साटेखतावर सहीच नाही रे. खरंच नव्हती. आणि गोव्यात ही साधी गोष्ट नाही, कारण इथे 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेला कायदा आहे, हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान जवळजवळ सगळ्यांना एकच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, निम्मी निम्मी, वारशाने आलेलीसुद्धा. बायकोच्या संमतीशिवाय नवरा जमीन विकू शकत नाही. आता भाटकार गेलेले, म्हणजे निम्मी बाईंची, उरलेली निम्मी दोन मुलांची, आणि मुलं लग्न झालेली, मग सुनांच्याही सह्या. एक मुलगा इंग्लंडात स्विंडनला, एक मडगावला. आधी स्पेशल नोटरीकडे वारसाहक्काचा कागद, मग स्विंडनहून पॉवर ऑफ ॲटर्नी. मडगावचा मुलगा म्हणाला 2009 चा रेट विसरा, आताचा काय चाललाय बघा.

वकिलाने साटेखत वाचलं, उलटं करून पाठीमागचंही वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, मुदत किती लिहिलीय? आठ वर्षं. म्हणजे एप्रिल 2017. तिथून तीन वर्षांत दावा लावला नाही तर संपलं. साटेखत नोंदलेलं नसलं तरी करार पुरा करून द्या असा दावा लावता येतो, पण त्यात तुम्ही पहिल्यापासून तयार होता हे सिद्ध करावं लागतं, आणि वकिलाचं बोट त्या चौदा कोऱ्या ओळींवर थांबलं. शिवाय हप्ते सगळे रोख. आता 2015 पासून जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतलं तर घेणाऱ्याला तेवढाच दंड, आणि बँकेतून दिलेल्या पैशाला साक्षीदार लागत नाही हा वेगळा फायदा.

मामांचं नशीब की एकचौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) कूळ नव्हतं आणि इतर हक्कात मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा, नव्हता. मुंडकार असता तर पंचायत भागात घरासकट तीनशे मीटरपर्यंत जागा विकत घ्यायचा हक्क त्याचा, म्हणजे मामांचा अख्खा प्लॉट. आणि आता कुणी भातशेती घ्यायची म्हटली तर 2023 च्या कायद्यानंतर शेतकरी नसलेल्याला ती सहसा घेता येत नाही.

2019 मध्ये नोटीस गेली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही, बाईंनीच मुलांना बसवलं. तुमच्या बाबांनी शब्द दिला होता, मी स्वतः पैसे मोजून घेतलेत. तरी दीड लाख जास्त द्यावे लागले, मामीच्या पाटल्या त्यात गेल्या, आणि 2021 मध्ये सब-रजिस्ट्रारच्या कॅमेऱ्यासमोर एकेक करून सगळे बसले. मामांचा अंगठा मशीन घेत नव्हतं, स्टिअरिंगने रेषाच राहिल्या नव्हत्या, चार वेळा पुसून लावला.

म्युटेशनला, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलायला, आणखी काही महिने गेले. मग एका दुपारी मी मोबाईलवरून उतारा काढला, बाजारात प्रिंट मारली आणि घरी नेली. मामांनी चष्मा शोधायला घेतला, तोवर मामीने वाचलाही. मालकाच्या रकान्यात दोन नावं होती, मामांचं आणि तिचं. इतकी वर्षं वही तिनेच लिहिली, पण साटेखतावर तिचीही सही कुणी घेतली नव्हती. तिने काही म्हटलं नाही, कागदाची घडी घातली आणि शहाण्णवाव्या ओळीच्या पानात ठेवली.